बिनविरोध करा, पण मुदत तरी ठरवा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सध्या आपल्या खान्देशात समाज मंडळं, व्यापारी असोसिएशन, वाचनालयं सगळ्यांच्या वार्षिक सभा चालू आहेत म्हणून लिहितोय. अमळनेर काय, चोपडा काय नि शिरपूर काय, प्रकार तोच. दारात सहीचं रजिस्टर, आत सेक्रेटरी म्हणतात मागचं इतिवृत्त वाचलं असं समजावं, हिशोब वाचला असं समजावं, मागून दोन-चार जण मंजूर मंजूर ओरडतात आणि लगेच सगळे भरीत-पुरीच्या पंगतीला. प्रोसिडिंग नंतर कोणाच्या तरी घरी बसून लिहिलं जातं. कोणी उठून ठेवी किती आहेत विचारलं तर "का भो, आप्पांवर भरोसा नाही का?"

भरोशाचा प्रश्नच नाही. अध्यक्ष आप्पांनी गावोगाव फिरून वर्गणी जमवली, हॉल उभा केला, हे कोणीच नाकारत नाही. पण वीस-वीस वर्षं अध्यक्ष तेच आणि चेकवर सह्या एकाच घरातल्या, हे बरोबर नाही म्हणजे नाही.

याचा त्रास कधी होतो सांगतो. आमच्या भागातल्या एका संस्थेत निवडणुका कागदावर होत राहिल्या पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कोणी दिलाच नाही, अध्यक्ष वारल्यावर बँकेने शेड्यूल वनचा (म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागितला तर त्यात जुनीच कमिटी, निम्मे लोक हयातच नाहीत, खातं अडकलं आणि वसतिगृहाचं लाईट बिल थकलं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचं असतं, एवढं साधं काम आहे.

मतदार यादीचंही तसंच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात स्पष्ट आहे की तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर मत नाही. म्हणून मग आदल्या रात्री कोणीतरी शंभर जणांची वर्गणी एकगठ्ठा भरून टाकतं, नि सकाळी सगळे मतदार! यादी महिनाभर आधी बंद करून बोर्डावर लावायची, हे संस्थेच्या घटनेतच लिहिलं पाहिजे. तीन वर्षांच्या दोनच टर्म, खजिनदार अध्यक्षांच्या घरातला नको, ऑडिट झालेला हिशोब आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर, हेही. जुन्या मंडळींना सल्लागार म्हणून मानाने बसवा, फक्त सहीचा अधिकार नको.

सभासदांना एकच विनंती, घटना दुरुस्तीचा विषय नोटिशीतच छापून घ्या, आणि त्यासाठी आतापासून लेखी पत्र देऊन पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयात घेतला तर कोणीही हरकत घेईल आणि सगळं पुन्हा वर्षभर लांबेल.

– एक आजीव सभासद, अमळनेर