‘टाइम आउट’चा इतिहास आणि कार्यक्रमांचे पान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरी जीवनशैलीच्या नियतकालिकांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हॉटेले, कपडे आणि श्रीमंतांच्या मेजवान्या यांपलीकडे या नियतकालिकांत फारसे काही नसे, असा त्याचा सूर आहे. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु ज्या ‘टाइम आउट’चा उल्लेख लेखात एका ओळीत उरकला आहे, त्याचा इतिहास असा झटकून टाकण्यासारखा नाही.

कील विद्यापीठात शिकणाऱ्या टोनी एलियट यांनी वाढदिवसाला भेट मिळालेल्या ७० पौंडांवर ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनला ‘टाइम आउट’ सुरू केले. पहिला अंक म्हणजे घडी घातलेला एक मोठा कागद होता आणि त्यावर शहरात कुठे काय चालले आहे, याची यादी होती. हीच यादी पुढे त्याचा कणा ठरली. नाटक-सिनेमांच्या जोडीला मोर्चे आणि सभा यांचीही माहिती त्यात निगुतीने दिली जाई, कारण निदर्शनाला जाणे हादेखील शहरात जगण्याचाच भाग आहे, अशी त्या मंडळींची धारणा होती. चोरून संदेश ऐकणाऱ्या ब्रिटिश सरकारी यंत्रणेवर १९७६ मध्ये लेख छापण्याचे धाडसही याच नियतकालिकाने केले आणि त्या लेखाच्या दोन लेखकांपैकी मार्क होझेनबॉल या अमेरिकी पत्रकाराला त्यानंतर ब्रिटन सोडावे लागले.

सर्वांना समान वेतन ही तिथली जुनी रीत मोडण्यावरून १९८१ मध्ये संप झाला. बाहेर पडलेल्यांनी ‘सिटी लिमिट्स’ काढले, ते १९९३ पर्यंत चालले. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाची लढाई. आठवड्याचे संपूर्ण वेळापत्रक छापण्याचा हक्क त्या काळी ब्रिटनमध्ये केवळ वाहिन्यांच्या स्वतःच्या साप्ताहिकांना होता. ‘टाइम आउट’ने ते छापले, खटला ओढवून घेतला आणि तो हरलेही, पण पुढे तो मक्ता १९९१ मध्ये कायद्यानेच मोडीत निघाला. कोणत्या वेळी काय आहे, एवढ्या साध्या माहितीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना उथळ म्हणणे मला पटत नाही.

२००४ मध्ये मुंबई आवृत्ती निघाली. नोकरी फोर्टात असल्याने दर पंधरा दिवसांनी चर्चगेटच्या स्टॉलवरून अंक घ्यायचा आणि घरी पोहोचेपर्यंत लोकलमध्येच जायच्या कार्यक्रमांवर पेन्सिलीने खुणा करायच्या, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. त्या खुणांचे काही अंक अजून माझ्या कपाटात आहेत. एका पानावर दादरच्या शिवाजी मंदिरातील प्रयोगाभोवती गोल आहे आणि त्याच पानावर खाली एनसीपीएतील गाण्याच्या कार्यक्रमापुढे ‘आईला विचारणे’ असे लिहिलेले आहे.

लंडनचा अंक सप्टेंबर २०१२ पासून मोफत वाटला जाऊ लागला. टाळेबंदीत लोक घरात अडकले, तेव्हा त्याने काही काळ ‘टाइम इन’ असे नाव घेतले. जुलै २०२० मध्ये एलियट गेले आणि जून २०२२ मध्ये लंडनची छापील आवृत्तीही थांबली. मुंबईचा छापील अंक आता निघत नाही. सगळे काही मोबाइलवर मिळते, असे म्हणतात. परंतु मोबाइलवर जे आधी शोधावे असे आपल्याला सुचते, तेवढेच सापडते. ज्याचे नावही ठाऊक नाही, असा कार्यक्रम छापील पानावर नजर फिरवताना अचानक समोर येत असे.

गेल्या महिन्यात माझ्या घरापासून दहा मिनिटांवरच्या सभागृहात ख्यालगायनाची मैफल झाली. मला ती कळली दुसऱ्या दिवशी, आपल्याच अंकातील छायाचित्रावरून. आपले ‘आज शहरात’ हे सदर पूर्वी जवळजवळ अर्धे पान असे. आता त्यात जेमतेम चार नोंदी असतात आणि त्यांतही तिकिटाचा दर किंवा जवळचे स्थानक क्वचितच दिलेले असते. या सदराला त्याची जुनी जागा परत द्यावी आणि लहान संस्थांच्या विनामूल्य कार्यक्रमांनाही त्यात स्थान मिळावे, ही आग्रहाची विनंती. नोंदी कशा लिहाव्यात, याचा नमुना म्हणून माझ्याजवळचे मुंबई आवृत्तीचे अंक उपयोगी पडणार असतील, तर ते आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक नियमित वाचक
माहीम, मुंबई