क्रूझचं बिल रुपयांत नको, जहाजाच्या करन्सीतच भरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की पेपरात क्रूझच्या जाहिराती पानभर येतात, सिंगापूरहून पेनांग-फुकेत, बार्सिलोनाहून इटली वगैरे, आणि आता आमच्या डोंबिवलीतून सुद्धा रिटायर्ड मंडळींचे ग्रुपच्या ग्रुप जातात. छान आहे, जावंच. पण केबिन कुठली, बाल्कनी आहे का, जैन जेवण मिळेल का असं सगळं खोदून खोदून विचारणारे आपले लोक जहाजावरचं बिल कुठल्या करन्सीत कापणार हे मात्र विचारतच नाहीत, आणि तिथेच हजारो रुपये हकनाक जातात. मी बँकेत कार्डाचं काम बघितलंय, परत आल्यावर स्टेटमेंट हातात घेऊन "मॅडम, हे एवढे कसले कापले?" विचारणारी माणसं समोर बसलेली आहेत, आणि तेव्हा सांगून काही उपयोग नसतो म्हणून आधीच लिहितेय.

आधी साधी गोष्ट. आपलं कार्ड परदेशात डॉलर किंवा युरोत वापरलं की बँक फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी करन्सीच्या खर्चावरचा जादा आकार, लावते, बऱ्याच कार्डांवर तो 3.5 टक्के असतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के. हे बहुतेकांना कुठेतरी ऐकून माहीत असतं. माहीत नसतं ते दुसरं, डीसीसी म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. सिंगापूरच्या दुकानात कार्ड दिलं की मशीनच्या स्क्रीनवर दोन आकडे येतात, एक सिंगापूर डॉलरमध्ये आणि एक आपल्या रुपयांत, कुठला हवा ते निवडा. परक्या मुलुखात रुपयाचं चिन्ह दिसलं की माणसाला हायसं वाटतं, हिशोब कळतो, आणि बोट तिकडेच जातं. पण तो रुपयाचा रेट ना आपल्या बँकेचा ना व्हिसा-मास्टरकार्डचा, तो त्या दुकानदाराच्या बाजूने लावलेला असतो आणि त्यांचा नफा त्यातच धरलेला असतो, कधी चार टक्के, कधी पाच, कधी त्याहून जास्त. वर आपल्याकडच्या बऱ्याच बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर वेगळा एक टक्का आणि त्यावर जीएसटी घेतात.

समजा 1,000 डॉलरचं बिल आहे आणि हिशोबाला सोपा म्हणून डॉलर 90 रुपये धरला. डॉलरमध्येच भरलं तर 3.5 टक्क्यांचे 3,150 आणि जीएसटीचे 567, मिळून 3,717 रुपये जादा. तेच समोरच्याने पाच टक्के लावून रुपयांत केलं तर 94,500 चं बिल, त्यावर बँकेचा एक टक्का आणि जीएसटी मिळून आणखी 1,115, म्हणजे 5,615 रुपये जादा. आणि शून्य मार्कअपचं कार्ड असेल, डॉलरमध्येच भरलं असेल, तर यातलं जवळपास काहीच नाही. पण नीट लक्षात घ्या, शून्य मार्कअपचं कार्ड असूनही रुपये निवडले तर त्या कार्डाचा काडीचा फायदा नाही, कारण रेट दुकानातच ठरून गेलेला असतो.

आता दुकानात निदान मशीन विचारतं तरी. जहाजावर खरी मेख आहे. तिथे रोख चालत नाही, कॉफी असो, वायफाय असो, किनाऱ्यावरची सहल असो, केबिनचं कार्ड दाखवायचं आणि पुढे जायचं, सगळं एका खात्यावर चढत जातं. आपलं क्रेडिट कार्ड एकदाच लागतं, ॲपवर चेक-इन करताना किंवा बोर्डिंगच्या गर्दीत, मागे लाईन लागलेली असते आणि हातात पासपोर्ट, बॅगा, औषधांची पिशवी. काही क्रूझ कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं की कार्ड दुसऱ्या देशाचं असेल तर बिल आपोआप त्या देशाच्या करन्सीत बदलून लावू, नको असेल तर प्रवाशाने येऊन सांगायचं. म्हणजे तुम्ही काहीच बोलला नाहीत तर होकार धरला जातो! शेवटच्या रात्री बिल केबिनच्या दाराखालून किंवा ॲपवर येतं आणि सकाळी उतरायची घाई, तेव्हा रांगेत उभं राहून कोण भांडणार. म्हणून पहिल्याच दिवशी, जेवायला जायच्या आधी, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा आणि म्हणा, "चार्ज माय कार्ड इन शिप्स करन्सी, नो कन्व्हर्जन", म्हणजे जहाजावर दर ज्या करन्सीत आहेत त्यातच पैसे कापा, रुपयांत बदलू नका. फॉर्म देतील तो भरा, सही केलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. आणि मी काहीच विकत घेणार नाही म्हणून निर्धास्त राहू नका, अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर ग्रॅच्युइटीच, म्हणजे तिथल्या नोकरवर्गाची टिप, माणशी रोजचे साधारण 15 ते 20 डॉलर लागते, ती आधी भरली नसेल तर ह्याच खात्यावर येते.

बुकिंगच्या वेळीही बघा. वेबसाइटवर भाडं रुपयांत दिसलं म्हणजे सुटलो असं नाही, पैसे घेणारी कंपनी परदेशात रजिस्टर असेल तर रुपयांत भरूनही तो एक टक्का स्टेटमेंटवर येऊ शकतो. इथल्या एजंटला इथल्या खात्यात पैसे दिले तर तो प्रश्न येत नाही, फक्त त्याने डॉलरचा रेट काय धरला ते लेखी मागा. (टीसीएस हा वेगळा विषय, तो पैसे भरतानाच घेतला जाणारा टॅक्स आहे आणि रिटर्न भरताना वळता होतो, त्याची ह्यात गल्लत नको.)

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी करन्सी भरून ठेवलेलं कार्ड, नेणारेही खूप आहेत. किनाऱ्यावर ते उत्तम, पण त्यात ज्या करन्सीचे पैसे आहेत त्याच करन्सीत खर्च केला तर. डॉलर भरून नेले आणि युरोत खर्च केले की क्रॉस करन्सी चार्ज लागतोच. जहाजाच्या खात्याला मात्र ते किंवा डेबिट कार्ड जोडू नका, कारण जहाजवाले अंदाजाने रक्कम ब्लॉक करतात आणि उतरल्यावर ती सुटायला कित्येक दिवस जातात, तोवर आपलेच पैसे आपल्याला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्डच बरं. ज्यांना पेन्शनमुळे क्रेडिट कार्ड मिळत नाही त्यांच्यासाठी एफडीवर मिळणारी शून्य मार्कअपची कार्डं आहेत, जाहिरात नको म्हणून नाव लिहीत नाही, पण घेण्याआधी आजचे चार्जेस वाचून घ्या. आणि 16 मार्च 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात, हे घरच्या ज्येष्ठांना मुलांनी निघायच्या आधी करून द्या.

माझं बँकांना आणि रिझर्व्ह बँकेला एवढंच सांगणं आहे की ग्राहक ज्या क्षणी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करतो, त्याच क्षणी त्याला मराठीत एक मेसेज जाऊ दे, की परदेशात मशीनने विचारलं तर रुपये निवडू नका, तिथलीच करन्सी निवडा. ओटीपी कोणाला देऊ नका हे मेसेज येतातच ना, मग हाही पाठवणं अवघड नाही. टूर कंपन्या निघायच्या आधी मीटिंग घेतात, त्यात स्वेटर किती घ्यायचे हे सांगतात तसं हेही सांगावं. आणि आपल्या पर्यटन पुरवणीत क्रूझवर लेख येईल तेव्हा त्यात ह्या विषयाची एक छोटी चौकट जरूर द्यावी ही विनंती.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली