दात दुखत नसतानाच दवाखान्यात जावे

कोल्हापूर

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की तुझा, जावयांचा किंवा छकुलीचा एकही दात दुखत नाही, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांकडे जायचे काही कारण नाही. तुझ्या त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर हा विषय काढला की तू ‘बघू गं आई’ म्हणून दुसरे बोलू लागतेस, आणि मला जे सांगायचे आहे ते घाईत सांगण्यासारखे नाही.

दात दुखत नाही म्हणजे तो निरोगी आहे, असे समजू नकोस. दाताच्या सर्वांत वरच्या थराला एनॅमल म्हणतात. शरीरात त्याहून कठीण काही नाही. परंतु त्याला संवेदना नसते आणि त्यात जिवंत पेशीही नसतात, त्यामुळे मोडलेले हाड जुळून येते तसे दातात पडलेले छिद्र कधीही भरून येत नाही. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की तोंडातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात, ते आम्ल वरच्या थरातील खनिजे विरघळवते, लाळ ती काही अंशी परत बसवते, आणि ही झीज-भर महिनोन्‌महिने चालू असताना आपल्याला काहीही जाणवत नाही. कीड दुसऱ्या थरात उतरली की थंड पाण्याने कळ जाते. ती आतल्या नसेपर्यंत पोचते तेव्हा रात्रीची झोप उडवणारा ठणका लागतो. म्हणजे ज्या दुखण्याची तू वाट पाहते आहेस, ते आजाराच्या अखेरीस येते. सुरुवातीला फ्लोराइडचा लेप किंवा एका बैठकीत भरलेले थोडेसे सिमेंट पुरते. ठणका लागल्यावर रूट कॅनाल आणि कॅप, नाहीतर दात काढणे, एवढेच उरते.

आपल्या भागात गुळाविषयी एक समजूत फार पक्की आहे. गूळ पौष्टिक, साखर वाईट, म्हणून नातवंडांच्या हातात गुळाचा खडा द्यायला कोणी मागेपुढे पाहत नाही. गुऱ्हाळावरची काकवी आणि ताजा गूळ मलाही प्रिय आहे, पण दातांवरच्या जंतूंना गूळ आणि साखर सारखीच, आणि गूळ तर चिकटही राहतो. किती गोड खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले याला दातांच्या बाबतीत अधिक महत्त्व आहे, कारण प्रत्येक वेळी आम्लाचा परिणाम साधारण अर्धा तास टिकतो. जेवणाबरोबर पुरणपोळी खाल्लीस तर बिघडत नाही. ऑफिसात दिवसभर थोड्याथोड्या वेळाने गोड चहा आणि बिस्किटे चालू राहिली, तर लाळेला झीज भरून काढायला सवडच मिळत नाही.

हिरड्यांचे दुखणे याहूनही गुपचूप वाढते, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ब्रश करताना रक्त येते असे तू मागे सहज बोलून गेली होतीस. निरोगी हिरडीतून रक्त येत नाही. दातांवर रोज साचणारा मऊ थर वेळीच निघाला नाही की काही दिवसांतच तो कडक होतो, त्याला आपण किटण म्हणतो, आणि किटण घरच्या ब्रशने निघत नाही. त्याने हिरडी सुजते. एवढ्यावर असेपर्यंत ती पूर्ववत होऊ शकते. पण सूज खाली उतरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, तर ते हाड आपणहून परत येत नाही. पंचगंगेच्या पुरात काठाची माती मुळाखालून सुटत जाते आणि झाड मात्र वरून हिरवेगार दिसते, तसे हे आहे. तुझी आजी आयुष्यभर मशेरी लावायची. निपाणीची तंबाखू भाजून, कुटून डबीत भरून ठेवलेली असायची आणि त्याने दात घट्ट होतात असे घरातल्या सगळ्या बायका मानत असत. प्रत्यक्षात मशेरी ही तंबाखूच. तिने हिरड्यांची हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजीचे दात हलायला लागले तेव्हा ‘वय झाले’ एवढेच म्हटले गेले. केवळ वयाने दात पडत नाहीत, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

तुझ्या बाबांना मधुमेह आहे, म्हणून हेही सांगते. मधुमेहात हिरड्यांचा आजार लवकर बळावतो, आणि हिरड्यांतली सूज कायम राहिली तर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच त्यांचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आधी मागून घेतला, मगच तोंड तपासले. तूही जाताना चालू असलेली औषधे, कशाची ॲलर्जी असल्यास ती, आणि दिवस गेल्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांग. गरोदरपणात हिरड्या अधिक सुजतात आणि त्या काळातही दातांची तपासणी टाळायची नसते.

आता तिथे नेमके काय होते ते सांगते, कारण तुझ्या टाळाटाळीमागे थोडी भीती आहे हे मला ठाऊक आहे. डॉक्टर आधी चौकशी करतील, मग खुर्ची मागे झुकवून लहान आरशाने एकेक दात पाहतील. बारीक खुणा असलेल्या बोथट सळईने दात आणि हिरडी यांच्यामधली खोली मोजतील. ३ मिलिमीटरपर्यंत ती ठीक मानतात, त्याहून जास्त भरली तर लक्ष द्यावे लागते. यात थोडेसे टोचल्यासारखे वाटते, पण ते सोसवते. चांगला डॉक्टर दातांवर थांबत नाही. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि मानेतल्या गाठीही पाहतो. दोन दातांच्या फटीत लपलेली कीड डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी लहानसा एक्स-रे काढतात. हल्लीच्या डिजिटल यंत्रात किरणांचे प्रमाण फार थोडे असते. तो प्रत्येक खेपेस लागतोच असे नाही, तेव्हा कशासाठी काढायचा हे विचारण्यात संकोच करू नकोस.

किटण असेल तर स्केलिंग, म्हणजे यंत्राने किटण काढणे, सुचवतील. यंत्राचे टोक अतिशय वेगाने कंप पावते, त्यातून पाण्याचा फवारा येतो आणि कर्कश आवाज होतो. आवाज नकोसा वाटतो, पण वेदना सहसा कमीच असते. त्यानंतर काही दिवस थंड पाणी लागते आणि दातांमध्ये फटी पडल्यासारखे वाटते. ‘साफ केल्याने दात सैल होतात’ हा समज याच अनुभवातून पसरला आहे. खरे पाहता त्या फटी आधीपासूनच असतात, किटणाने भरलेल्या असतात म्हणून जाणवत नाहीत. यंत्र दात घासून पातळ करत नाही. सिमेंट भरताना भूल द्यावी लागली तर ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात. तेवढा वेळ काही चावून खाऊ नये, नाहीतर गाल चावला जातो.

छकुलीच्या बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. ती सहाव्या वर्षात आहे. या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, आणि कोणताही दात न पडता ती उगवत असल्याने पुष्कळ आईबापांना ती दुधाचीच वाटते. ही दाढ जन्मभर वापरायची असते, तिच्या खोलगट चिरांत अन्न अडकते आणि नवी असतानाच ती किडते. डॉक्टर त्या चिरा पातळ लेपाने बंद करू शकतात. त्याला भूल किंवा सुई लागत नाही. दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला, असे जावई म्हणाले होते. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालच्या दातांची जागा धरून ठेवतात. त्या वेळेआधी गेल्या तर नवे दात वेडेवाकडे येतात. तिला सकाळच्या वेळी, झोप झालेली आणि पोट भरलेले असताना ने. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर दात काढतील’ असे घरात कोणी म्हणायचे नाही, आणि ‘काहीच दुखणार नाही’ असे वचनही द्यायचे नाही. डॉक्टर स्वतःच आधी आरसा दाखवतील, खुर्ची वरखाली करून दाखवतील आणि मगच तपासतील. सध्या रात्रीचा ब्रश तूच करून देत जा; तिचा हात अजून नीट बसत नाही. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी.

जावईबापूंना माझा नमस्कार सांग आणि हा मजकूर त्यांनाही वाचायला दे. जेवणानंतरची सुपारी निरुपद्रवी आहे असे ते समजतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण नुसती सुपारीही, तंबाखू न मिसळता, कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी कमी होते. तिखटाने तोंड पूर्वीपेक्षा अधिक झोंबू लागणे ही त्याची सुरुवात असू शकते. तांबडा रस्सा आता सोसत नाही असे ते गेल्या खेपेस म्हणाले, ते माझ्या मनातून जात नाही. दोन आठवड्यांत न भरणारा कोणताही व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

डॉक्टर निवडताना महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहा. उपकरणांची बंद पाकिटे तुझ्यासमोर फोडली जातात का, हातमोजे दर रुग्णाला बदलतात का, याकडेही लक्ष दे. खर्चाचा अंदाज आधी लिहून माग. मोठे काम सांगितले तर दुसऱ्याचे मत घेण्यात कोणाचा अपमान होत नाही. पैशांची अडचण असणाऱ्यांनी दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात जावे. तिथे शिकणारी मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात उपचार करतात. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, मावशीला मी तिकडेच जायला सांगितले आहे.

दर सहा महिन्यांनी जावे असे सर्वसाधारणपणे सांगतात, पण सर्वांना एकच माप लागू नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी हे अंतर धोका पाहून ३ महिने ते २ वर्षे असू शकते, मुलांसाठी मात्र १ वर्षापेक्षा जास्त नाही. तुझ्या हिरड्यांतून रक्त येते आणि जावयांना सुपारी आहे, तेव्हा तुम्ही दोघांनी सहा महिन्यांहून अधिक लांबवू नये असे माझे मत आहे. पुढची तारीख डॉक्टरांकडून ठरवूनच बाहेर पड.

या आठवड्यात तिघांची वेळ घे आणि मला कळव. शनिवारी गर्दी असते, त्यामुळे जमल्यास मधल्या वारी जा. एक्स-रे आणि केसपेपरच्या प्रती जपून ठेव; दिवाळीला याल तेव्हा सोबत आण, म्हणजे इथे काही करावे लागले तर पुन्हा काढावे लागणार नाहीत.

तुझी,
आई