सेमीच्या वर्गात गणित अडते की इंग्रजी?

संपादक महोदय,

गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी वर्ग आता जिल्हा परिषदेच्या शाळांतही गावोगावी आहेत. पालकांना ते हवे आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण मूल मागे पडले की 'गणित कच्चे' असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो. हा शेरा देण्याआधी एक मिनिटाची तपासणी व्हायला हवी.

एक शाब्दिक उदाहरण घ्या. 'रवी हॅज ट्वेल्व्ह मँगोज. ही हॅज फाइव्ह फ्युअर दॅन मीना. हाउ मेनी मँगोज डझ मीना हॅव?' 'फ्युअर' म्हणजे कमी, एवढेच मुलाला पाठ असते. ते बारातून पाच वजा करून ७ लिहिते. बरोबर उत्तर १७, कारण रवीकडे मीनापेक्षा पाच कमी आहेत. इथे नुसती फुली मारू नये. तेच उदाहरण मराठीत तोंडी विचारावे. १७ आले तर अडचण इंग्रजी वाक्याची आहे. पुन्हा ७ च आले तर तुलनाच समजलेली नाही, मग खडे आणि काड्या काढायला हव्यात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा केला तर वर्ष वाया जाते.

असे उदाहरण तीनदा वाचून घ्यावे. पहिल्यांदा आकडे झाकून, आणि काय चालले आहे ते मुलाने मराठीत सांगायचे. दुसऱ्यांदा, विचारले काय आहे त्याखाली रेघ ओढायची. तिसऱ्यांदा आकडे घेऊन रवीची आणि मीनाची अशा दोन पट्ट्या काढायच्या. कोणाची लांब, हे आधी ठरवायचे. उत्तर मात्र पूर्ण इंग्रजी वाक्यात द्यायचे. वाक्याचा सांगाडा सुरुवातीला फळ्यावर असावा, मुले सरावली की पुसून टाकावा.

शिक्षक 'इव्हॅपोरेशन'सारख्या मोठ्या शब्दांवर मेहनत घेतात. ते शब्द ठळक छापलेले असतात, शेजारी चित्रही असते. मुले अडतात ती 'इच', 'ॲट लीस्ट', 'अनलेस' अशा बारक्या शब्दांवर, आणि ते कोणी शिकवतच नाही. 'हाउ मेनी आर लेफ्ट' मधला 'लेफ्ट' डावा नव्हे, उरलेला, हे सांगावेच लागते. विज्ञानात तसेच 'डिस्टिंग्विश' आणि 'गिव्ह रीझन्स'चे. प्रश्न काय करायला सांगतो हेच कळले नाही तर येत असलेले उत्तरही कोरे राहते. एका तासाला असे पाच-सहा शब्द पुरेत, पण ते त्याच तासात मुलांच्या तोंडून वाक्यात यायला हवेत.

सर्वांत जास्त नुकसान ओळीओळीच्या भाषांतराने होते. इंग्रजी ओळ आली की मूल कान बंद करून पुढच्या मराठी ओळीची वाट पाहते. त्यापेक्षा संकल्पना आधी मराठीत पूर्ण समजवावी, मग तोच भाग चित्र दाखवत सलग इंग्रजीत घ्यावा. प्रश्न विचारल्यावर चार-पाच सेकंद थांबावे आणि जोडीदाराशी बोलू द्यावे, मराठीतूनही.

बोलण्यापुरती इंग्रजी दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची यायला पाच ते सात वर्षे लागतात, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवले. तिथे शाळेबाहेरही इंग्रजी कानावर पडते. आपल्याकडे घंटा झाली की ती संपते. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलांना तर मराठीही शाळेतच शिकावी लागते. त्यांच्यासाठी पहिले स्पष्टीकरण घरच्या बोलीत देणारे कोणी वर्गात हवे.

साधने हाताशी आहेत. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. चालू धड्याची मराठी पाने शेजारी ठेवली तरी मुलाला घरी आधार मिळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणित-विज्ञानाच्या द्विभाषिक पुस्तकांचा आग्रह आहे.

राहिला प्रश्न परीक्षेचा. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी मराठी निवडणाऱ्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतली प्रश्नपुस्तिका मिळते. सेमी वर्गांच्या घटक चाचण्याही आठवीपर्यंत तशाच छापाव्यात, उत्तर कोणत्याही भाषेत स्वीकारावे आणि गणिताच्या पेपरात इंग्रजी स्पेलिंगचे गुण कापू नयेत. त्यासाठी जास्तीचा एखादा कागद लागेल, तेवढी तरतूद शिक्षण विभागाने याच सत्रात करावी.

— प्राथमिक शिक्षकांचा एक गट, सातारा