दादाच्या आधी तुम्ही चला

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाच्या दारूचं फोनवर बोलता येत नाही. दादा घरात असला की आई नुसती "होय", "नाय" करते आणि बाबा लगेच पावसाचं काढतात. म्हणून लिहितेय. दादाने वाचलं तरी हरकत नाही, यात त्याच्याविरुद्ध काही नाही.

आई, आधी त्या पावडरीचं. एसटी स्टँडवरच्या कागदावर 'न सांगता दारू सोडवा' छापलंय म्हणून ती आमटीत कालवू नकोस. अशा पुडीत काय असतं ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, असलं आणि त्यावर माणूस प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. जिवावरही बेततं. डॉक्टर हे औषध देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. आणि बाबा, मागच्या खोलीत चार दिवस कोंडला की सुटेल, हे डोक्यातून काढाच. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली की हात कापतात, झोप उडते, फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं दिसायला लागतात. त्याची सोडायची तयारी झाली की आधी ओरोसला जिल्हा रुग्णालयात दाखवायचं, मग बाकीचं.

रवळनाथासमोर नारळ ठेवून घेतलेली शपथ शिमग्यापर्यंत टिकली. तेव्हा दादा खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पण जन्मभराची शपथ एका दमात पेलणं कठीणच. ए. ए. मध्ये, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू बघणाऱ्यांच्या मंडळात, ती मागतच नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही; उद्याचं उद्या. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. फी नाही, कुणी साहेब नाही. सोडायची इच्छा असली की झालं. देवाचं नाव निघतं, पण ज्याला जसा समजेल तसा देव, त्यामुळे आपला रवळनाथही चालतो.

पण दादा आज जाणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. तुम्ही दोघं जा.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळ्या मीटिंग असतात, त्यांना अल-अ‍ॅनॉन म्हणतात. ए. ए. सुरू करणाऱ्या त्या दलालाची बायको, लोइस, हिने १९५१ मध्ये दुसऱ्या एका बाईबरोबर ते काम हाती घेतलं. इथे डोंबिवलीत मी अशा मीटिंगला जाते. शाळेचा वर्ग, दुसरीच्या पोरांचे बाक, गुडघे मावत नाहीत. फळ्यावर पाढे तसेच असतात. एकेक जण आपलं बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, 'तुम्ही असं करायला हवं होतं' म्हणत नाही. (आपल्या सगळ्या आत्यांना एकदा बसवायला हवं तिथे.) शेवटी डबा फिरतो, जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. कोण काय बोललं ते लिहीत नाही. तिथलं तिथेच ठेवायचं असतं. तुमचंही राहील.

पहिल्याच दिवशी कानावर पडलं ते एवढं सांगते: हे व्यसन आपण लावलं नाही, आपल्या ताब्यात ते येत नाही, आणि बरं करणंही आपल्या हातात नाही. बाबा, 'मुंबईला पाठवला नाही, कलमांत गुंतवला म्हणून बिघडला' हे तुम्ही किती वर्षं उगाळताय! आणि आई, आंब्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला की 'त्याला ताप आहे' म्हणायचं बंद कर. 'तो घरात आहे, पण फोनवर येत नाही' एवढं म्हण. बारवाल्याची उधारी काजूच्या पैशातून भागवू नका. मीटिंगमध्ये असं कर, तसं कर कुणी सांगत नाही. हे माझं मत आहे, आणि मी ते सोडणार नाही.

वेंगुर्ल्यात कुणी ओळखेल ही भीती मला कळते. मग दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग गाठायची. बरेच जण तसंच करतात. ए. ए. आणि अल-अ‍ॅनॉन दोघांच्याही वेबसाइटवर मीटिंगच्या याद्या आहेत, मी बघून फोन करते. ए. ए.ची 'ओपन' मीटिंग असेल तर घरचेही बसू शकतात, नुसतं ऐकायला. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. जवळपास काहीच नसलं तर फोनवरून ऑनलाइन बसता येतं. रेंज फणसाखालीच येते, तेव्हा खुर्च्या तिथे टाकाव्या लागतील.

मी चतुर्थीच्या आधी आठवडाभर येतेय. पहिल्या मीटिंगला आपण तिघं जाऊ. बाबा, 'बघू' म्हणू नका. दादाला मी स्वतः सांगेन की आम्ही कुठे चाललोय. लपवून जायचं नाही. त्याला यायचं असेल तर गाडीत जागा आहे.

आईची बीपीची गोळी संपत आली असेल, ती आणतेच. आणखी काही हवं असलं तर कळवा.

तुमची,
बेबी