खुर्च्या वाटल्या, मापं कोणी घेतली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुक्यातल्या दिव्यांग शिबिराचा फोटो आपल्या अंकात पाहिला. मंडपात व्हीलचेअरची रांग, खुर्च्यांवर अजून प्लॅस्टिक, मागे मान्यवर. अमळनेरला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. यातल्या बऱ्याच खुर्च्या वर्षभरात माझ्याकडे येणार, हे मी आजच सांगतो. येतात तेव्हा पुढच्या लहान चाकांचं बेअरिंग गेलेलं असतं, ब्रेक टायरला टेकत नाही, सीटच्या कापडाची झोळी झालेली असते. काळ्या मातीच्या रस्त्यावर ती लहान चाकं पावसाळ्यात रुततातच. पंक्चर मी काढतो, चाकाची आऊट म्हणजे वाकडेपणा काढतो. पण खरी चूक बऱ्याचदा बसणाऱ्याच्या मापात असते आणि ते कुणी घेतलेलंच नसतं.

हे मला घरातच कळलं. माझा धाकटा भाऊ शेळ्यांसाठी पाला तोडताना कडुलिंबावरून पडला. कमरेखालची जाणीव गेली. अशाच एका शिबिरात त्याला खुर्ची मिळाली. आधार पाहिलं, दिव्यांग कार्ड पाहिलं, रजिस्टरवर सही घेतली, फोटो काढला. टेप काही कुणी काढली नाही. भाऊ काटकुळा आणि खुर्ची ऐसपैस, त्यामुळे तो सतत एका अंगावर कलून बसायचा. दीड महिन्याने आंघोळ घालताना आईचा हात थांबला. "आठे काय व्हयनं रे भाऊ?" बसायच्या हाडावर रुपयाएवढा काळपट डाग होता. त्याला दुखत नव्हतं, म्हणून कळलंच नाही. ती जखम भरायला सात महिने गेले. त्यातला एप्रिल-मे पत्र्याच्या घरात पालथं पडून काढला. जळगाव-अमळनेरचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना जास्त सांगायला नको.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी अर्ध्या तासात काम केलं. त्याची कंबर मोजली, दोन्ही बाजूंना फोम लावून जागा भरून काढली. फूटरेस्ट जास्त वर होतं, त्यामुळे गुडघे उचलले जाऊन सगळा भार मागच्या हाडांवर येत होता. मी पाना आणला आणि ते खाली घेतलं. झोळीवर फळी आणि नीट गादी आली. गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहते का, तेही त्यांनी पाहिलं. दर वीस मिनिटांनी पुढे वाकून भार हलका करायचा, असं भावाला शिकवलं. आता तो मोबाइलवर गजर लावतो. माझ्या दुकानात पोरासाठी सायकल घ्यायला कुणी आलं, तर मी पोराला आधी सीटवर बसवतो, पाय टेकतात का बघतो, मगच पैसे घेतो. दिवसभर ज्यावर बसायचं त्या खुर्चीला एवढंही नको का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आठ टप्पे आहेत. तपासणी, खुर्चीची निवड, अंगाशी जुळवणी, वापराचं शिक्षण, नंतरची देखभाल-दुरुस्ती हे सगळं त्यात येतं. आपली शिबिरं वाटपापाशीच संपतात. 2012 मध्ये संघटनेने प्रशिक्षणाचा प्राथमिक अभ्यासक्रमही तयार केला, साधारण पाच दिवसांचा. तो फक्त डॉक्टरांसाठी नाही. परिचारिका, गावपातळीवरचे कार्यकर्ते, कारागीरही तो शिकू शकतात. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मनुष्यबळ घडवण्याचं वेगळं कलम आहे. खुर्च्यांसाठी केंद्राची एडिप योजना तर 1981 पासून चालू आहे. म्हणजे वस्तू येते, ती नीट बसवून देणारा माणूस येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत हे प्रशिक्षण घ्यावं आणि प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात निदान दोन माणसं तयार करावीत: एक मापं घेणारा, एक पाना धरणारा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून सुरुवात झाली तर उत्तम, कारण तिथल्या माणसाने बिघडलेली खुर्ची घेऊन डोंगर उतरून यायचं कसं? आणि वाटपानंतर तीन महिन्यांनी एकदा सगळ्यांना परत बोलवावं. मान्यवर आले नाहीत तरी चालेल.

दुसऱ्या जागेसाठी माझं नाव लिहून घ्या. पाच दिवस दुकान बंद ठेवीन, पाने माझेच आणीन.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)