रडणे आणि हाक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहा महिन्यांच्या तान्ह्याला रात्री रडू दिले की ते लवकर ‘स्वावलंबी’ होते, असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे आणि सध्या सात महिन्यांची नात घरात असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवले नाही.

मुलाचा ‘स्व’ आधीच तयार असतो आणि इतरांवर विसंबणे ही त्याला जडलेली खोड असते, असे या सल्ल्यात गृहीत धरले आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये लिहिलेल्या आणि त्यांच्या पश्चात १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात याला फार पूर्वीच उत्तर मिळाले आहे. भुकेल्या अर्भकाचे रडणे हा आरंभी केवळ साठलेल्या ताणाचा निचरा असतो, त्याने भूक भागत नाही, आणि बाहेरून कोणीतरी धावून येते म्हणूनच त्या रडण्याला पुढे हाकेचा अर्थ येतो, असे ते मांडतात. माणसाच्या नीतिप्रेरणांचे मूळही त्यांनी याच असहायतेत पाहिले. हाकेला ओ मिळालीच नाही, तर मूल गप्प होईलही. त्या गप्प होण्याला स्वावलंबन कसे म्हणावे?

लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक विनिकॉट तर म्हणत की, नुसते ‘बाळ’ असे काही नसतेच. बाळासोबत त्याला सांभाळणारे कोणीतरी असतेच. (आपला ‘अंगावरचे मूल’ हा शब्दप्रयोग दुसरे काय सांगतो?) आईच्या चेहऱ्याकडे पाहताना बाळाला सहसा तिथे स्वतःचेच रूप दिसते, असे त्यांनी १९६७ मध्ये लिहिले.

मुलाला खाली ठेवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. एकटे राहण्याची क्षमता कोणाच्या तरी सोबतीतच येते, हेही विनिकॉट यांनीच १९५८ मध्ये मांडले. आमच्याकडे आजी मेथी निवडत बसली की नात सतरंजीवर स्वतःच्या अंगठ्याशी खुशाल खेळत राहते. मधूनच मान वळवून आजी आहे ना, एवढे पाहून घेते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आईला मात्र पुरवणीतले सल्ले देऊन काय उपयोग? २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे; ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभाही आहे. या दोन औद्योगिक वसाहतींतील किती आस्थापनांत असे पाळणाघर प्रत्यक्ष चालू आहे, हे आपल्या वार्ताहरांनी जाऊन पाहावे आणि पुढच्या एखाद्या रविवारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड, नाशिक